संथ सिनेमे, गावाकडचं घर आणि सगळ्यांना माहीत असलेली गुपितं

खिडकीपाशी
धागा काढायला दिवाळी उजाडली, खरं तर सप्टेंबरातच काढायचा होता. झालं असं की 'साबर बोंडं' लागला तेव्हा बाबांना घेऊन गेले होते. बाबा ८१ वर्षांचे, त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, फक्त म्हटलं मराठी आहे, शांत आहे, अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला मोठं बक्षीस मिळालंय. कोथरूडला सकाळचा शो, आम्ही धरून अकरा टाळकी. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, मुंबईत कॉल सेंटरवर काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि लहानपणीचा मित्र बाळ्या परत भेटतो. बस एवढंच. कुणी किंचाळत नाही, कपाटातून पत्र पडत नाही, पावसात कुणी धावत नाही.

मला वाटलं बाबा मध्यंतरात म्हणणार चल घरी. पण म्हणाले नाहीत. पूर्ण बघितला. गाडीत बसलो, नळ स्टॉपच्या सिग्नलला उभे होतो, तर एकदम म्हणाले, "त्या आईला सगळं माहीत होतं." मी म्हटलं हो ना, माहीतच असतं की तिला पहिल्यापासून. मग म्हात्रे पुलावर परत, "आपल्याकडे वहिनीला पण माहीत होतं." मी विचारलं काय माहीत होतं? तर म्हणाले डावीकडे घे, रिक्षा येतेय.

वहिनी म्हणजे माझी मोठी काकू. भोरला राहायची, जाऊन बरीच वर्षं झाली. विषय तिथेच संपला.

तर मला दोन गोष्टी बोलायच्यात. एक, घरी परतण्याचे असे सिनेमे अजून कुठले, जे बघून माणूस दोन दिवस गप्प होतो. दोन, माझं एक मत झालंय ते ठोकून बघा. या सिनेमांत गुपित असं खरं तर कुणालाच नसतं. सगळ्यांना माहीत असतं, बोलायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. परत आलेला माणूस हे ठरलेलं विसरून आलेला असतो, म्हणून गडबड होते.

भांडारकर_रोडचा_भिडू
पहिला मी. आणि विरोधी मत, सवयीप्रमाणे.
मला हे असले सिनेमे झेपत नाहीत. माणसं चहा पितात. मग खिडकीतून बघतात. मग परत चहा. शेवटी कळतं की धाकट्या काकाने १९७० साली काहीतरी केलं होतं, ते तर मला पोस्टर बघूनच कळलं होतं. संथ म्हणजे ग्रेट असं एक पुण्यात ठरूनच गेलंय. पिफला, म्हणजे पुण्याच्या फिल्म फेस्टिव्हलला, रांगेत उभं राहून लोक हे बघतात आणि आतमध्ये झोपतात, मी स्वतः घोरण्याचे आवाज ऐकलेत.

खारी_बिस्किट
@भिडू, ते घोरणं तुमचंच असेल हो. :)
बाकी धागा आवडला. खिडकीपाशी, तुमचे बाबा भारी आहेत. "डावीकडे घे रिक्षा येतेय" हा तर सिनेमातला डायलॉग आहे.

माझ्याकडून एक नाव, जपानी. कोरेएडा या दिग्दर्शकाचा 'स्टिल वॉकिंग', २००८ चा. एक दिवसाची गोष्ट. थोरला मुलगा समुद्रात बुडणाऱ्या एका पोराला वाचवताना गेलेला असतो, त्याच्या स्मरणदिनाला बाकीची मुलं घरी येतात. आई स्वयंपाक करतेय, मक्याच्या दाण्यांची भजी तळतेय, गप्पा चालल्यात, तुम्हाला वाटतं किती गोड म्हातारी. आणि मग कळतं की ज्याला वाचवलं तो मुलगा, आता चांगला जाडाजुडा बाप्या झालेला, त्याला दर वर्षी या दिवशी जेवायला बोलावतात. धाकटा मुलगा आईला म्हणतो, आता पुरे, नका बोलावू त्याला, अवघडतो बिचारा. तर ती विणकाम करता करता शांतपणे सांगते की अवघडावा म्हणूनच तर बोलावते. हात थांबत नाहीत तिचे. मी ते बघितलं आणि मला माझ्या आत्येसासूबाई आठवल्या, पुढचं इथे लिहीत नाही, त्या हा धागा वाचत असतील.

सदाशिव_उतारा
+१ स्टिल वॉकिंग. त्यातली रेकॉर्डची गोष्ट पण सांगा की.

खारी_बिस्किट
सांगते. स्पॉयलर आहे, ज्यांना नको त्यांनी खाली सरका.
जेवताना विषय निघतो की प्रत्येक नवराबायकोचं एक गाणं असतं. म्हातारी उठते आणि एक जुनी रेकॉर्ड लावायला सांगते, सिनेमातलं आवडतं गाणं असावं तसं. नवरा खाली मान घालून जेवत राहतो. नंतर, तो आंघोळीला गेलेला असताना, बाहेरून त्याचे कपडे ठेवता ठेवता ती सांगते, की कित्येक वर्षांपूर्वी एका बाईच्या घरातून तुमचा आवाज ऐकला होता हे गाणं म्हणताना. मूल पाठीवर होतं, तशीच परत फिरले. आणि जाऊन रेकॉर्ड विकत आणली.
म्हणजे बघा, नवऱ्याचं गुपित तिने विकत आणून घरात ठेवलं. तो आंघोळीच्या पाण्यात गपगार.
भिडू, हे "चहा पितात" मध्ये कसं बसतं सांगा.

भांडारकर_रोडचा_भिडू
बरं हे चांगलं आहे. मान्य. पण हा सीन यायला किती वेळ बसावं लागतं ते सांगा.

खारी_बिस्किट
दीड तास. आणि तो दीड तास नसता तर हा सीन म्हणजे नुसती सिरियल.

ध्वनीमुद्रित
मी साऊंडवाला आहे, लॉ कॉलेज रोडच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून आता जाहिरातींचं पाणी भरतो. भिडूच्या प्रश्नाला थोडं तांत्रिक उत्तर देतो, बोअर झालं तर सोडून द्या.

संथ आणि रटाळ यातला फरक बऱ्याचदा चित्रात नसतोच, कानात असतो. शूटिंगला प्रत्येक जागी आम्ही एक काम करतो, सगळ्यांना अर्धा मिनिट पुतळा व्हायला सांगतो आणि नुसती ती खोली रेकॉर्ड करतो. रूम टोन म्हणतात त्याला. कारण रिकामी खोली कधी रिकामी नसते. पत्रा तापून कडकडतो, लांब कुठे मोटर चालू असते, कौलाखाली चिमण्या असतात. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ही शांतता भरतात. ती नसली तर प्रेक्षकाला काय चुकलंय ते कळत नाही पण तो चुळबुळायला लागतो.

साबर बोंडंमध्ये पार्श्वसंगीत नाहीच. नाही म्हणजे नाही. आई मुलाशेजारी बसलीये आणि व्हायोलिन सांगत नाहीये की आता रडा. त्यामुळे तुमचा कान घरातल्या बारीक आवाजांवर जातो, भांडं कुठे ठेवलं, दार कुणी लोटलं. आणि घरातली माणसं तर असंच ऐकत असतात ना एकमेकांना? आमच्या आजोबांच्या चपलांच्या आवाजावरून आज्जी सांगायची की आज बँकेत काम झालं नाही. गुपित कळायला संवाद लागतच नाही, भांड्यांचा आवाज पुरतो. रटाळ सिनेमात काय होतं, की शांतता असते पण तिच्यात ऐकायला काही नसतं, दिग्दर्शकाने नुसता कॅमेरा ठेवलाय आणि डबा खायला गेलाय.

अप्पा_नारायणपेठ
नमस्कार. ध्वनीमुद्रित यांनी फार सुंदर लिहिले आहे.
मी सिनेमातला जाणकार नाही, वय ७६. पण गुपितांवरून आठवले म्हणून लिहितो. आमचे घर नारायण पेठेत, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पाणी पहिल्या मजल्याच्या वर. नेसत्या कपड्यानिशी निघालो ते पर्वतीवर. पुढे काही दिवसांनी घरी परतलो, आता याला घरी परतणे म्हणायचे तर चिखलात परतलो. ते असो.

त्या पुरानंतर आमच्या घरात एक मोठी सोय झाली. कुठल्याही अवघड प्रश्नाला एकच उत्तर, "ते पानशेतमध्ये गेले." आजोबांनी कुणाला उसने दिले त्याचे कागद? पानशेतमध्ये गेले. थोरल्या काकांचे मॅट्रिकचे सर्टिफिकेट? पानशेतमध्ये गेले. आजीची बोरमाळ? तीच गत. वडिलांनी तर शपथेवर सांगितले होते. मग १९७९ साली आमच्या आत्याच्या मुलीचे लग्न झाले आणि अल्बम आला, तर मुलीच्या गळ्यात बोरमाळ! आजी तेव्हा हयात होती. अल्बम सगळ्यांनी पाहिला, पानापानावर चर्चा झाली, शालू केवढ्याचा, फोटोग्राफर कुणाचा, आचारी कुठला. बोरमाळेवर एक अक्षर नाही. आजी फक्त म्हणाली, फोटो छान आलेत.

खिडकीपाशी
अप्पा!! दंडवत. "फोटो छान आलेत" हेच तर मी म्हणतेय, सगळ्यांना माहीत, बोलायचं नाही.

सदाशिव_उतारा
मी जरा थंड पाणी ओतते. मालिकांनी आपल्या डोक्यात घातलंय की घरचं गुपित म्हणजे लफडं. अरे लफडं कुठे, पैसा! जमीन! मराठी घरातली नव्वद टक्के गुपितं ही सातबाऱ्यावर नाहीतर सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर लिहिलेली असतात, टक्केवारी माझी स्वतःची, कुठल्या अभ्यासातली नाही. मी वकिलाकडे काम करते, पेठांमधले वाडे रिडेव्हलपमेंटला जातात त्यांची कागदपत्रं बघते. घरी परतणारी माणसं मी रोज बघते हो. अमेरिकेहून भाऊ येतो, आजोबांच्या झोपाळ्याला हात लावून डोळे पुसतो, आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवतो. तिला सांगतात नुसती एक सही आहे. नुसती सही असती तर रजिस्टर कशाला करावं लागलं असतं? बरं महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला, केंद्राने नंतर २००५ ला केला, पण घरात ही बातमी पोचलेलीच नसते. ही पण गुपितंच की. आमच्याकडे एका केसमध्ये कार्डावर असं एक नाव निघालं की ते कोण हे घरातल्या तीन पिढ्यांपैकी कुणी सांगेना, आणि सगळ्यात म्हातारी जी होती ती म्हणाली, आमच्या वेळी तो जिन्याखालच्या खोलीत राहायचा, चांगला होता. बस. पुढे विचारलं तर तिला एकदम ऐकू येईना.

म्हणून मला महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' कुठल्याही सिनेमाहून मोठं वाटतं. नाटक आहे, माहितीये, धाग्याबाहेरचं आहे, तरी. १९८५ चं. वडील गेल्यावर मुंबईचा सुधीर बायकोला घेऊन धरणगावच्या वाड्यावर येतो, आणि दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय. तेराव्याचा खर्च कुणी करायचा, दागिने कुणाकडे. एलकुंचवारांनी शोक आणि हिशोब एकाच ताटात वाढलाय. असंच असतं. सुतकात माणसं हळू आवाजात बोलतात, पण बोलतात पैशाबद्दल.

भांडारकर_रोडचा_भिडू
हे पटलं. ट्रॅक्टर मला पण आठवतो, बाबांनी दाखवलं होतं नाटक. त्या ट्रॅक्टरला पाय लागून जो तो ठेचकाळत असतो पण हलवत कुणी नाही.

मोगरा_फुलेना
मग भावे-सुकथनकरांचा 'वास्तुपुरुष' राहिला की कुणाच्या लक्षात नाही? २००२ चा. नावाजलेला डॉक्टर पुष्कळ वर्षांनी गावच्या वाड्यात येतो आणि त्याला लहानपण दिसत राहतं. कुळकायद्यानंतरचं घर, जमिनी गेल्यात, ऐट राहिलीये, आणि आई एकटीच हट्टाने मुलाला डॉक्टर करायला निघालीये, गरिबांसाठी. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कसेल त्याची जमीन, हे शाळेत आपण एका ओळीत शिकलो, पण ती ओळ घराच्या आतून कशी दिसते ते या सिनेमात आहे. उत्तरा बावकर आई आहेत, बाकी काय बोलू. सुमित्रा भावे आपल्या पुण्याच्या, २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या सिनेमातली माणसं आपल्याच सोसायटीत राहत असावीत अशी बोलतात.
फक्त एक आहे, सदाशिवताई म्हणतात तसं पैसाच पैसा नाहीये त्यात. कूळ कोण, मालक कोण, कुणी कुणाचं काय घेतलं होतं आधी, याची लाज आहे. लाज हे पण गुपितच, आणि ती उताऱ्यावर येत नाही.

सदाशिव_उतारा
येत नाही खरं. मान्य.

खिडकीपाशी
सगळ्यांना धन्यवाद, यादी लिहून घेतेय. आता माझं थोडं अवांतर, म्हणजे माझाच धागा त्यामुळे चालवून घ्या.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मिळाला. भोरच्या घरातून काकू गेल्यावर बाबांनी जे काही चार डाग आणले त्यातला. मला वाटलं बटणं असतील. तर आत मनीऑर्डरच्या पोचपावत्या. गठ्ठाच्या गठ्ठे, दोऱ्याने बांधलेले. १९६६ पासूनच्या. पाठवणारे माझे मोठे काका, आम्ही दादाकाका म्हणायचो. घेणारी एक बाई. नाव लिहीत नाही. गाव मांढरदेवीच्या घाटापलीकडचं, वाईच्या बाजूचं एक खेडं. आधी पंधरा रुपये, मग पंचवीस, मग पन्नास. बहुतेक प्रत्येक महिन्याला.
आधीच्या सगळ्या पावत्यांवर अंगठा आहे, निळा. आणि मग जून १९७८ पासून सही. इतकी वाकडीतिकडी, इतकी दाबून काढलेली की कागद मागून फुगलाय. पुढच्या पावत्यांवर हळूहळू सरळ होत जाते.
मी त्या अंगठ्यांकडे किती वेळ बघत बसले काय सांगू. फराळाचं करायचं राहिलं. बाबांना अजून विचारलं नाहीये.

खारी_बिस्किट
बाई गं. अंगावर काटा.

भांडारकर_रोडचा_भिडू
दुसरं घर होतं का काकांचं? सरळ विचारतोय, राग मानू नका.

खिडकीपाशी
राग नाही, पण मी अंदाज करणार नाहीये. १९६६ ला काकांचं लग्न होऊन दहा वर्षं झालेली होती एवढं मला माहीत आहे. कुणाचं कोण, का, हे मला नाही माहीत आणि इथे ठरवायचं पण नाहीये.

पोस्टातले_नाना
मी पोस्टातून रिटायर झालो, ३४ वर्षे नोकरी, त्यातली बरीच खेड्यातल्या पोस्टात. ताई, तुमच्या पावत्यांबद्दल थोडी माहिती देतो, उपयोग झाला तर बघा.
मनीऑर्डर १८८० पासून होती, जुन्या पद्धतीची २०१५ ला बंद झाली. फॉर्म एकच पण त्याचे तुकडे पडायचे. संदेशाचा तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा, "पैसे पाठवले, तब्येतीची काळजी घे" वगैरे दोन ओळी, तो तुम्हाला कधी दिसणार नाही, तो त्या बाईंकडे राहिला. तुमच्याकडे आहे ती पोच, ती सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत यायची. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही असते, नीट बघा, पोस्टमन गावातल्या कुणाला तरी हाक मारून घ्यायचा. आणि एक, पोचेवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता असतो तो पोस्ट लिहीत नाही. पाठवणाराच स्वतः लिहितो, फॉर्म भरतानाच. त्यामुळे पैसे कुणी पाठवले हे नावापेक्षा अक्षरावरून जास्त खात्रीने कळते. बरेच लोक दुसऱ्याच्या नावाने पाठवायचे.

मोगरा_फुलेना
नाना, तुम्ही वेगळा धागा काढा प्लीज. पोस्टमनला किती घरांचं काय काय माहीत असेल.

पोस्टातले_नाना
माहीत सगळे असायचे. म्हणूनच बोलायचे नाही, अशी शिस्त होती.

खिडकीपाशी
नाना, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि साडेअकराला परत डबा काढला.

दादाकाका गेले १९८८ च्या दिवाळीनंतर. शेवटची पोच मार्च १९९१ ची आहे.
मी आधी तारखा नीट बघितल्याच नव्हत्या, नाव सगळीकडे काकांचंच आहे म्हणून. पण शेवटच्या सव्वीस-सत्तावीस पावत्यांवरचं अक्षर वेगळं. आणि ते मी ओळखते. आमच्या काकूचा भ कायम म सारखा यायचा, लहानपणी तिची पत्रं आली की आम्ही भावंडं "मु. पो. मोर" वाचून खिदळायचो. त्या सगळ्या पावत्यांवर मु. पो. मोर, जि. पुणे.

म्हणजे नवरा गेल्यावर दोन वर्षं काकू त्याच्या नावाने पैसे पाठवत होती.

आणि अजून एक आठवलं, रात्रभर त्यानेच झोप नाही. मे महिन्यात भोरच्या घरी कुरडयांना एक बाई यायच्या. आठ दिवस राहायच्या. गव्हाचा चीक घोटायला काकूला त्याच लागायच्या, बाकी कुणाचा हात तिला चालायचा नाही. दुपारी सगळे झोपले की दोघी माजघरात बसायच्या आणि माझी पाटी गायब असायची. मी आठ वर्षांची होते तेव्हा पाटीवरून रडून गोंधळ घातलेला, काकूने मला धपाटा घातला होता. तिने आयुष्यात मला घातलेला एकच.
आठ वर्षांची म्हणजे १९७८.

अप्पा_नारायणपेठ
ताई, आता वडिलांना विचारा. वेळ असतो तोवर विचारावे. मी विचारले नाही.

ध्वनीमुद्रित
नका विचारू, त्यांना भोरला घेऊन जा नुसतं. ते म्हात्रे पुलावर बोलले ना, गाडीत बोलतील. गाडीत समोरासमोर बघावं लागत नाही.

भांडारकर_रोडचा_भिडू
मी आता इथे रोज येऊन बघतोय, मला संथ आवडत नाही म्हणे. जा लवकर.

सदाशिव_उतारा
आणि तो डबा बरोबर नेऊ नका. पुरावा समोर ठेवला की माणूस बचावाला उभा राहतो, हे धंद्याचं ज्ञान.

खिडकीपाशी
जाऊन आलो. रविवारी. उशिरा लिहितेय कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

कात्रजच्या बोगद्यातून निघालो, कापूरहोळला वळलो, बाबा पूर्ण वेळ झाडं मोजत असल्यासारखे बाहेर. भोरमध्ये राजवाड्याजवळ गर्दी होती, शूटिंग चालू. तिथे कायमच कुठलं ना कुठलं शूटिंग असतं, राजवाड्याने इतक्या सिनेमांत काम केलंय की त्यालाच मानधन द्यायला हवं. बाबा म्हणाले, खोटे वाडे दाखवायला खरा वाडा लागतो यांना. मूडमध्ये होते म्हणजे.

आमचं घर बंद आहे, किल्ली चुलतभावाकडे, तो पुण्यातच. आत गेलोच नाही. ओट्यावर बसलो. ओट्याची फरशी एका बाजूने झिजलीये, जिथे काकू निवडायला बसायची. डबा नव्हता नेला, सदाशिवताईंचं ऐकलं. ध्वनीमुद्रित, तुमचं पण खरं निघालं, समोर बघत होते, माझ्याकडे नाही. शेजारच्यांचा मिक्सर चालू होता, तो थांबला तेव्हा मी एवढंच म्हटलं, बाबा, कुरडयांना यायच्या त्या बाई आठवतात का. काकू त्यांना माझी पाटी द्यायची.

बराच वेळ काही नाही. मला वाटलं परत रिक्षा येणार कुठूनतरी.

मग म्हणाले, "शिकवायला वहिनीच बसली. आम्हाला वाटलं घरात काहीतरी होणार आता, ती बाई घरात आली म्हणजे. तर ही पाटी घेऊन बसली. आईने विचारलं तिला, हे काय चाललंय. तर म्हणाली, अंगठ्याला दर महिन्याला साक्षीला चावडीवरचा कुणीतरी बोलावतात, सगळ्या गावासमोर पैसे घ्यावे लागतात तिला. सही आली की पोस्टमन आणि ती, बाकी कुणी नको."

मी विचारलं, आणि काका? काकांना काय वाटलं?

"दादाला काय वाटणार. जूनमधली पोच आली ती घेऊन ओसरीवर बसला संध्याकाळपर्यंत. वहिनीने दिवा लावला, म्हणाली जेवायला चला. जेवला."

त्या बाई कोण हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. परतताना कापूरहोळला चहा घेतला, बाबांनी दोन घेतले, डॉक्टरांनी एकच सांगितलाय. घरी आल्यावर स्वतः स्टूल घेऊन माळ्यावरून डबा काढायला निघाले, म्हणजे मला डबा मिळालाय हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी स्टूल धरलं.

खारी_बिस्किट
मी ऑफिसात आहे आणि मला बाथरूममध्ये जावं लागलं हे वाचून.

भांडारकर_रोडचा_भिडू
"जेवला."
मी माझे शब्द मागे घेतो. साबर बोंडं कुठे बघायला मिळेल सांगा कुणीतरी.

पोस्टातले_नाना
तुमच्या काकूंचे बरोबर होते. सहीला साक्षीदार लागत नसे.